खाणीच्या गणपतीचे डोळे

सरकारी मदतीचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. पेणला आमचा गणपतीचा कारखाना. रोह्याचे दत्तूकाका विदर्भात एका कोळशाच्या खाणीत कामाला होते. तिथल्या कामगारांची मूर्ती दरवर्षी आमच्याकडून तेच न्यायचे. खालची शिफ्ट वर आल्याशिवाय तिथे आरती होत नाही, हे त्यांचं नेहमीचं सांगणं.

त्या वर्षी कंपनी बुडाल्याचं कानावर आलं. वडिलांनी मूर्ती रंगवली, पण डोळे आखले नाहीत. एकदा डोळे आखले की मूर्ती पूजेविना ठेवायची नाही, हा त्यांचा नियम. मग रेडिओवर बातमी लागली, सरकारने कंपनीला पैसे दिले. वडील म्हणाले, "वाचली खाण." आणि लगेच डोळे आखायला बसले.

चार दिवसांनी दत्तूकाका आले, बायको आणि ट्रंका घेऊन.

मी म्हटलं, "काका, मूर्ती तयार हाय. सरकारनं पैसे दिले ना?"

"दिले. खाण बंद करायला दिले. सगळ्यांना घरी पाठवलंय. पंप थांबवलेत, खाली पाणी भरतंय."

वडिलांनी मूर्तीच्या आखलेल्या डोळ्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "आता हितंच बसवू."

चतुर्थीला कारखान्यातच पूजा केली. घरचे आम्ही चौघं आणि दत्तूकाका-काकू. वडिलांनी निरांजन उचललं, तसे काका सवयीने म्हणाले, "थांब जरा, शिफ्ट वर येऊ दे."

वडील पेटतं निरांजन हातात धरून उभे राहिले. आरती कधी सुरू करायची, ते कोणालाच कळेना.