निरोप्याचा पार्ट

जुन्या ग्रीक नाटकायवरचं एक पुस्तक मीच वडस्याले आमच्या नाटक कंपनीत नेलं होतं, बाप्पा. त्यात लिहून होतं, की ते लोक मरण स्टेजवर दाखवत नसत. निरोप्या येऊन सांगे. आमचे डायरेक्टर भाऊ म्हणाले, "सांगितलेल्या मरणानं इथी कोणी रडत नाई. पण करून पाहू."

निरोप्याच्या पार्टासाठी नवा नट यायचा होता. 'निरोप तूच रचून आण,' असं भाऊनं त्याले फोनवर सांगितलं होतं.

तालमीत एक अनोळखी माणूस धापा टाकत आला. "भाऊ, तुमची बहीण सरपणाले गेली होती. वाघानं नेलं तिले."

भाऊ खूश. "बेस! पण आवाज वाढव, मागच्यायले ऐकू नाई येत."

त्या माणसानं तेच पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. या वेळी भाऊच्या बहिणीचं खरं नाव घेऊन.