तिसऱ्या जागेवरचा आकडा

एका आकड्यानं काय होतं, ते मला विचारा. आमची नाशिकची कंपनी शीतगृहांचा गारवा सांभाळणारे छोटे कॉम्प्युटर बनवते, आणि त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम मी सांभाळतो. मशीन किती वेळ कामात होतं, किती वेळ रिकामं, हे सगळं ती एका ओळीत नुसत्या आकड्यांनी सांगते. त्यात मला डिस्कसाठी थांबलेल्या वेळेचा नवा आकडा घालायचा होता. आमच्या सीनियर कांबळे मॅडम म्हणाल्या, "शेवटी टाक. मधे घातलास तर लोकांचे जुने प्रोग्रॅम भलताच आकडा वाचतील."

मला तो तिसऱ्या जागी शोभेलसा वाटला. मी तिथेच घातला.

अपडेट गेलं आणि दुपारी सायखेड्याहून शीतगृहवाल्या तात्यांचा फोन आला. "साहेब, भोंगा थांबत नाय. मशीन मेलं म्हणून निम्मी द्राक्षं बाहेर काढली."

मी घाईघाईनं इथूनच त्यांचं मशीन तपासलं. "तात्या, गारवा चालू आहे! माल आत घ्या आधी!"

आकडा शेवटी नेऊन मी अपडेट पुन्हा पाठवलं, तेव्हा भोंगा थांबला. दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. भोंग्याचा प्रोग्रॅम तात्यांच्या शिक्षिका सूनबाईंनी लिहिला होता. तिसऱ्या जागी आधी रिकाम्या वेळेचा सतत वाढणारा आकडा असायचा; तो वाढायचा थांबला की मशीन बंद, असा त्यांचा हिशेब. आणि तिथं डिस्कसाठी थांबावंच लागत नसल्यानं माझा नवा आकडा शून्यावरच बसलेला.

चूक माझी, तरी मी शिकवायला गेलोच. "ताई, आकडा जागेवरून नाही, नावावरून ओळखायचा असतो."

त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही नावं दिलीच कुठं होती?"