नुसती दांडी धरायची

नाही, पण मी म्हणतो, दांडी धरायला घरात दुसरं कोणी नव्हतं का? मलाच कशाला बसवायचं? आता तुम्ही विचाराल, कसली दांडी... सांगतो, सगळं सांगतो, पण आधी एवढं लक्षात घ्या, मी काही केलं नाही हो, मी नुसती दांडी धरून बसलो होतो!

आमची मुलगी बायकांच्या आजारांची सर्जन. आणि हल्ली गर्भाशय काढायचं म्हणजे पोट उभं चिरत नाहीत, तुम्हाला सांगतो, बोट जेमतेम जाईल एवढी तीन-चार भोकं, त्यातून दुर्बीण, त्यातून कात्री, आणि डॉक्टर बघणार कुठे? पडद्यावर! पण आतलं गर्भाशय काही आपणहून कूस बदलत नाही. ते हलवायला खालच्या वाटेनं एक दांडी घालतात, तिच्या टोकाची वाटी गर्भाशयाच्या तोंडाशी बसते, आणि एक मदतनीस ती दांडी धरून बसतो. सर्जन म्हणाली 'वर', की वर. 'उजवीकडे', की उजवीकडे. कारण दोन्ही अंगांना लघवीच्या नळ्या, आणि गर्भाशय वर ढकलून धरलं की त्या कात्रीपासून लांब राहतात. चुकून नळीला कात्री लागली तर... नको, तो विचारच नको.

तर मुलीची परीक्षा आली. अख्खी शस्त्रक्रिया तिनं करायची, विभागप्रमुख बाई शेजारी उभं राहून नुसतं बघणार. जमलं तर स्वतंत्र सर्जन, नाहीतर आणखी वर्षभर दुसऱ्यांच्या दांड्या धरा! म्हणून घरी सराव. जेवणाच्या टेबलावर भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा, आत जुना मोबाइल कॅमेरा म्हणून, चित्र टीव्हीवर. तिच्या आईनं जुन्या लाल ब्लाउजचं गर्भाशय शिवलं, आत कापूस, बाजूंना निळ्या रबरी नळ्या. आणि दांडी? माझ्या हातात! "बाबा, तुम्ही आयुष्यभर कॉलेजात तरफ शिकवलीत, तुमच्यासारखा माणूस मिळायचा नाही."

आता शिकवणं वेगळं हो! हात खाली गेला की टोक वर, हात डावीकडे की टोक उजवीकडे, फळ्यावर मी हे डोळे मिटून काढायचो. पण टेबलाखाली मान वाकवून बसल्यावर?

"बाबा, उजवीकडे."

"हे काय, उजवीकडेच आहे."

"बाबा, माझ्या उजवीकडे!"

आणि स्वयंपाकघरातून हिचा आवाज, "अगं, संसारातही ते असेच, वर म्हटलं की खाली!"

तेही सोसलं. पण एके दिवशी मुलीची कात्री कापडाजवळ गेली नि थबकली. तिनं ओठ चावला... लहानपणी गणित अडलं की चावायची, अगदी तस्साच. बापाचं काळीज हो! आणि दांडी हातात! सरकवलं मी गर्भाशय कात्रीकडे... केसभर! कचकन कापलं गेलं. तिनं डोळे मोठे केले. मी म्हटलं, आनंद!

मग काय, चटक लागली. ती थबकली रे थबकली की मी सरकवलंच. दिवसेंदिवस पोरगी झरझर कापू लागली. एकदा विचारलंन, "बाबा, दांडी हलली का?" खरं बोलावं की नाही माणसानं? मी म्हणालो, "वय झालं गं, हात थरथरतो."

झालं! दुसऱ्याच दिवशी मुलीनं मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं, बरोबर हीसुद्धा. त्यानं नाकाला बोट लावायला लावलं, कागदावर गोल काढायला लावले. "काका, हात दगडासारखा स्थिर आहे!" ही लगेच, "मग घरीच का हो थरथरतो?" चोराच्या मनात चांदणं, मी खिडकीबाहेर बघत बसलो.

आणि मग परीक्षेच्या आदल्या दिवशी लख्खकन डोक्यात आलं... अरे, पोरीचा हात म्हणून जो तयार झालाय, त्यातला अर्धा माझा आहे! उद्या टेबलावर ब्लाउज नाही, जिवंत बाई असणार. दोन मुलांची आई, रक्तस्रावानं किती वर्षं बेजार झालेली, आमच्या मुलीला म्हणाली होती, "डॉक्टर, तुम्हीच कराल ना?" आणि तिला काय ठाऊक, सरावाच्या टेबलाखाली एक म्हातारा होता म्हणून! सांगावं तर पोरीचा धीर खचणार, न सांगावं तर त्या बाईची नळी. गेलो मुलीच्या खोलीशी. "अगं..." "काय बाबा?" "काही नाही, पंखा चालू आहे का बघत होतो." थोड्या वेळानं पुन्हा गेलो. "पंख्याचं काय बाबा?" "छान फिरतोय." मी काही केलं नाही हो, नुसती दांडी धरून बसलो होतो... हे मी देवालासुद्धा सांगून बघितलं!

दुसऱ्या दिवशी फोन पुढ्यात घेऊन बसलो. जेवण नाही. ही म्हणाली, "अहो, परीक्षा तिची आहे." हिला काय सांगू!

दुपारी मुलगी आली. चपला काढता काढता म्हणाली, "झालं! बाई म्हणाल्या, पुढची तू एकटीनं कर. पेशंट मजेत आहे, नळ्याही."

माझा बांधच फुटला. "अगं, मी नुसती दांडी धरून बसलो नव्हतो!" सगळं ओकलो. ती शांतपणे पाणी प्यायली.

"मला माहीत होतं, बाबा."

"कसं?"

"कंप असला की हात इकडेही जातो नि तिकडेही. तुमचा फक्त माझ्या कात्रीकडे यायचा."

"मग डॉक्टरकडे कशाला नेलंस?"

"खात्री करायला. आणि वाटलं, तिथं तरी खरं बोलाल."

"पण मदत तर झाली ना गं?"

"मदत? अहो बाबा, कापताना गर्भाशय कात्रीपासून दूर ओढायचं असतं, म्हणजे ताण बसतो. तुम्ही ते जवळ आणून ढिलं करायचात, नळीसकट! तुमच्यापासून नळी वाचवता वाचवता कात्री वेळेवर मागे घ्यायला शिकले मी. आजची मदतनीस सांगितल्यावर हलते, हलल्यावर थांबते... मला तर सुट्टीवर गेल्यासारखं वाटलं!"

बघा म्हणजे! पाप म्हणावं तर तेही धड नाही, मदत म्हणावी तर तीही नाही. इतके दिवस मी जळलो कशासाठी?

आता हिनं मोठं गर्भाशय शिवलंय, पुढच्या सरावासाठी. "बाबा, बसा." बसलो. शपथ घेतली, आता नुसती दांडी धरायची, केसभरही सरकवायचं नाही. आणि तुम्हाला सांगतो, शपथ घेतल्यापासून धास्तीनं हात खरोखरच थरथरायला लागलाय! आणि मुलगी पडद्यावरची नजर न काढता म्हणते कशी,

"शाबास बाबा! आता दोन्हीकडे जातोय!"