कागद उलटा धर, दादा

हॅलो? … हां दादा, बोल. तुझ्याच फोनची वाट बघत होते. झाला का तुझा शब्दशोध? माझा केव्हाच झाला! पोदेर पाव देऊन गेला तोवर मी पेन्सिल खाली ठेवली होती.

काय? … चुकीचा छापलाय? पेपरवाल्यांनी? … अरे बाबा, नाचता येईना अंगण वाकडं! आयुष्यभर बस चालवलीस, घारीचे डोळे आहेत म्हणून गावभर मिरवतोस, आणि आता शब्द दिसेना म्हणून पेपरवाल्यांवर खापर?

हो, मला माहीत आहे आजचा विषय मासे. म्हणून तर जास्त हसू येतंय. … कुठला मिळेना? … बांगडा? मांद्र्यात समुद्राच्या तोंडावर राहतोस आणि बांगडा मिळेना? मी इथे मुळगावात खाणीची धूळ खात बसून काढला की रे!

बरं, बरं, रागावू नको. कुठले मिळाले ते सांग. … सुरमई. पापलेट. कोलंबी. … आणि राहिले? बांगडा, तारली, मोरी, तिसऱ्या. एवढे राहिले? तुझे? … नाही, चिडवत नाही. ऐक ना.

अरे ऐक तर! मी नेहमी सांगते ते तू कधी करत नाहीस. अख्खा शब्द शोधायचाच नाही. त्यातलं क्वचित येणारं अक्षर धरायचं. ‘ग’ काय, दहा ठिकाणी असेल. पण ‘ऱ्या’? तो एकदाच येणार. ते एक घर सापडलं की आजूबाजूला तिसऱ्या आपोआप हाताला लागतात. … बघितलंस? सगळीकडे? … नाहीच म्हणतोस.

मग पट्टी घे. ओळीखाली धर आणि एकेक ओळ सरकव. नुसतं सरळ वाचू नको, मागून पुढे वाच, खालून वर वाच, तिरकंही बघ. लबाड असतात रे हे कोडं घालणारे, सोपा शब्दच तिरका…

काय पडलं? … पेपर? मघाशीही पडला होता ना? डाव्या हातात घट्ट धर की. … धरलाय म्हणतोस आणि पडतो कसा?

आणि तुझी कवळी कुठे आहे? … लावली आहेस? मग शब्द असे जड का येतायत? तोंडात भात धरून बोलल्यासारखे. … बरं बाबा, माझेच कान खराब.

वहिनी कुठे आहे? … हां, शुक्रवार नाही का, म्हापशाच्या बाजाराला गेली असेल. … चहा न देता? जानकी वहिनी? सूर्य पश्चिमेला उगवेल, पण ती तुला चहा न देता बाहेर पडायची नाही. उगाच तिच्या कागाळ्या करू नको.

ते राहू दे. शेवटचा उपाय सांगते, माझा हुकमी. फोन स्पीकरवर टाकून मेजावर ठेव आणि कागद उलटा धर. … उलटा म्हणजे खालची बाजू वर. हसू नको, धर तू. अक्षरं उलटी झाली की वाचायचा मोह सुटतो, नुसते आकार दिसतात, आणि लपलेले शब्द पटापट वर येतात.

मिळाला? बांगडा? … बघ! … आणि तारलीपण? … मोरीसुद्धा! अरे वा, जाळंच टाकलंस की! … काय म्हणतोस? सगळे उजव्या काठाला होते? नाही रे, माझ्याकडे तर डावीकडे… हां, हां, तू उलटा धरलायस. डावीकडचं तुझ्या उजवीकडे गेलं. बरोबर.

आता काय झालं? … सुरमई गेली? गेली म्हणजे कुठे गेली? … तू मघाशी पेन्सिलीने गोल केलेली? … गोलसुद्धा दिसत नाही?

…

आहे, आहे मी. ऐकते. दादा, कागद परत सुलटा कर बघू. … केलास? सुरमई आली? … गोलासकट. बरं. आणि बांगडा? … गेला.

…

नाही, कुठे काय, खोकला आला. दादा, एक मिनिट थांब हां, सूनबाई काहीतरी विचारते.

सेजल! इकडे ये गो. थांब, माझा आवाज बंद केलाय का बघ आधी, मामांना ऐकू जायला नको. … केलाय ना? ऐक. मामांना डावीकडचं काही दिसत नाहीये. … डोळ्यांचं नाही गो ते! माझ्या सासूबाईंना झटका आला होता, तू या घरात यायच्या आधी, त्या दिवशी त्यांनी ताटातला उजवीकडचाच भात खाल्ला आणि मला म्हणाल्या, अर्धंच वाढलंस. डावीकडचा भात तसाच होता. मी म्हातारपण समजून आणखी वाढला. संध्याकाळी डॉक्टरकडे नेलं, तोवर डावं अंग गेलं ते गेलंच. … हो, तेच वाटतंय मला. हातातून कागद पडतोय, जीभ जड झालीय. तुझ्या फोनवरून मंगेशला लाव, मामांच्या शेजारचा, गेस्टहाउसवाला. गाडी त्याच्या दारातच असते. म्हणावं हातातलं टाक आणि धाव, म्हापशाला इस्पितळात न्यायचंय. मग वहिनीला लाव. … लाव लवकर!

हां दादा, आले. … काही नाही रे, दुधाचं विचारत होती.

कुठे निघालास? … स्कूटर काढून? दुसरा पेपर बघायला? नको! … नको म्हणजे नको. तिथे काय वेगळा छापला असेल? बस तू. कदेलीवरून उठू नको, माझी शपथ आहे तुला. … घातली शपथ. धाकटी बहीण आहे, एकदा घातली तर काय बिघडलं?

आणि ऐक, खरं सांगू? माझाही झाला नाही शब्दशोध. … हो, थाप मारली मघाशी. तिसऱ्या मलाही मिळाल्या नाहीत. … हस, हस, पोटभर हस. पण मला मदत कर. आपण दोघं मिळून काढू. बसलास ना? वरची ओळ वाच मला, एकेक अक्षर. … हं. … हं. … आणि त्याच्या आधी? … आधी काही नाही, तिथूनच सुरू होते ओळ? बरं. खालची वाच. … हळू वाच, मला लिहून घ्यायचंय.

(सेजल, उचलला का गो त्याने? … पुन्हा लाव! अर्धीच ओळ वाचतो तो, माझ्यासमोर अख्खी आहे.)

हां दादा, ऐकते मी. पुढची वाच. … दादा? … काय पडलं? … दादा! काय पडलं रे? बोल ना काहीतरी! … पेन्सिल? राहू दे! वाकू नको! पेन्सिलीवाचून अडलंय का आपलं? … ओरडले, हो. ओरडले. कारण तू ऐकत नाहीस. लहानपणापासून कुणाचं ऐकलंयस?

नाही, ठेवू नको फोन. रागाव, पण ठेवू नको. … डोकं दुखतंय? कधीपासून? … उठलास तेव्हा बरं होतं ना? अंघोळीला गेलास तेव्हा? … बरं होतं. पेपर घेऊन बसलास तेव्हापासून. बरं, बरं. कळलं. (सेजल, लक्षात ठेव हे, डॉक्टर विचारतील. … निघाला? देवा महाराजा!)

कोण आलं? … मंगेशचा आवाज? हो, मीच पाठवलाय. … का म्हणजे, सांगते, आधी त्याला घरात तर… आलाय? … मग? … आवाज येतो आणि माणूस कुठे आहे म्हणतोस?

दादा, तो तुझ्याजवळच असेल रे. मंगेश! ऐकू येतं ना माझं? तू कुठल्या बाजूला उभा आहेस त्यांच्या? … डावीकडे. हात हातात धरलायस त्यांचा? … आणि त्यांना कळलंही नाही. … मेजावर चहा? त्याच बाजूला? भरलेला… बरं. तो देऊ नको त्यांना. पाणीसुद्धा देऊ नको, ठसका लागेल. तू असा पुढून फिरून उजवीकडे ये. त्यांच्या उजवीकडे.

आता दिसला, दादा?

…

काय विचारतोस? … हो. … हो, आहेत. सगळे शब्द आहेत तिथे. बांगडासुद्धा. … नाही रे, छापणाऱ्यांची चूक नाही. … तुझीही नाही. तू नीटच शोधत होतास. तुला कागद अर्धाच दिसत होता, तू तरी काय करणार?

घाबरले का? घाबरले तर! तुझ्यापाशी कशाला लपवू? पण सासूबाईंच्या वेळी मला कळलं नव्हतं. आज कळलंय. आता औषध असतं यावर, लवकर पोचलास तर लागू पडतं म्हणतात. म्हणून म्हणते, ऊठ. स्कूटर नाही, मंगेशची गाडी. त्याच्या गळ्यात हात टाक. … उजवा टाक. डावा तो सांभाळेल. … मंगेश, घाई कर, पण सावकाश उतरव, पायऱ्या आहेत. डॉक्टरांना सांग, पेपर वाचायला बसले तेव्हापासून असं होतंय.

वहिनी तिथेच येतेय, बाजारातून थेट. … आणि मी? निघालेच. सेजल गाडी काढते.

अरे, रडतोस काय? … काय म्हणालास? … मी आले तरी तुला दिसणार नाही?

दिसेन. का नाही दिसणार? मी उजवीकडून येईन, दादा. तुझ्या उजव्या हाताला बसेन आणि तिथून हलणार नाही. … हो. … शप्पथ. … ठेव आता. … ठेव रे दादा.