सांध्यावरचा रुमाल

थोरला: थांब जरा. गुडघे मागच्या वळणावर राहिलेत. ते येऊ देत.

धाकटा: दादा, ही ओंडक्यांच्या गाडीची वाट आहे, डोंगर नव्हे. इंजिन चालवायचास तेव्हा ही चढण तुला जाणवायचीसुद्धा नाही.

थोरला: तेव्हा इंजिन दमायचं. पगार मला मिळायचा.

धाकटा: रूळ सगळे भंगारात गेले. नुसते खालचे लाकडी स्लीपर उरलेत, तेही कुजलेले. काय बघायचंय तुला इथे?

थोरला: तुझा सांधा, गाडीचा रूळ बदलायचा. त्याचा खटका अजून जागेवर आहे म्हणतात. या वाटेची फिरायला पायवाट करणारे ते पायवाटवाले परवा त्याला रंग देऊन शेजारी फलक लावणार. मजकूर तू दिलास ना?

धाकटा: त्यांनीच आणला. अपघाताच्या जुन्या चौकशीत आहे तोच. मी सांधेवाला होतो, म्हणून साक्षीदाराची सही केली.

थोरला: वाचून दाखव की.

धाकटा: तुला पाठ आहे.

थोरला: 'या वळणावर चालकाच्या बेफाम वेगामुळे ओंडक्यांची गाडी रूळ सोडून तळ्यात गेली.' बेफाम. आपल्या इंजिनाला शेळ्या मागे टाकायच्या.

धाकटा: जपून, तिथे ओलं आहे—

(थोरल्याचा पाय स्लीपरवरून घसरतो. तो खाली बसतो.)

धाकटा: थर्मास, थर्मास... हां, धरला. काच शाबूत आहे. तुला लागलं का रे?

थोरला: नाही. थर्मासची चौकशी झाली असेल तर चहा ओत.

धाकटा: हा बघ, खटका तुझ्या मागेच आहे. वखारीच्या बाजूला कललेला. चौकशीवाल्यांनी पाहिला तसाच.

थोरला: रुमाल नाही त्यावर.

धाकटा: चाळीस वर्षं रुमाल कसा टिकेल?

थोरला: आपली रीत काय होती, बाळ्या?

धाकटा: मी एकाहत्तर वर्षांचा आहे. बाळ्या काय म्हणतोस.

थोरला: रीत सांग.

धाकटा: सांधा वखारीकडे लावला, की मी खटक्याला लाल रुमाल बांधायचा. रुमाल दिसला, की तू ब्रेक न लावता वळण घ्यायचं.

थोरला: त्या दिवशी दिसला.

धाकटा: ...जेवणाचा डबा धुतला होता मी. हात पुसले आणि रुमाल तिथेच वाळत घातला. सांधा तळ्याच्या फाट्याकडे होता. सकाळी ओंडके पाण्यात सोडायला लावला, तो परत फिरवायचा राहून गेला.

थोरला: हं.

धाकटा: गाडी तळ्यात गेल्यावर खटका ओढला वखारीकडे. माझी पोरगी चार महिन्यांची होती, दादा, नोकरी जाऊन चाललं नसतं. वाटलं, तू इंजिनवाला, तुला कुठेही काम मिळेल.

थोरला: मिळालं की. पस्तीस वर्षं पिठाची गिरणी. तिथे वेगाबद्दल कुणाची तक्रार आली नाही. मशीन जागचं हललंच नाही.

धाकटा: तुला कधी कळलं?

थोरला: तेव्हाच. गळ्यापर्यंत पाण्यात होतो, पण डोळे वरच होते. तू पळत आलास. आधी खटक्याकडे गेलास, मग माझ्याकडे.

धाकटा: मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?

थोरला: तू सांगशील म्हणून वाट बघितली. पुढे पुढे वाट बघायचीच सवय झाली. आता गुडघे म्हणाले, यापुढे इथवर आणणार नाही.

धाकटा: संध्याकाळी त्या पायवाटवाल्यांकडे जातो. खरं काय ते लिहून देतो, माझ्या नावानिशी. रुमालासकट.

थोरला: लिही. 'बेफाम' तेवढं आधी खोड.

धाकटा: पहिलं तेच खोडतो. चल, ऊठ. उतार निसरडा आहे. थांब, पिशवी घेतो, थर्मास घेतो—

थोरला: थर्मास राहू दे. आधी मला धर.