मधली सुट्टी भोंग्यावर

हल्ली शाळेत मुलांचं मत विचारतात, याचं कौतुक मला कशाला सांगता? आमच्या सोलापुरात गिरणीचा भोंगा झाला की मी वर्गातून पळत सुटायची, आबांना भाकरी पोचवायला. परतले की छडी ठरलेली.

मग नव्या हेडमास्तरांनी मुलांची पंचायत नेमली. "शाळेत काय बदलायचं, तुम्ही सांगा." त्यांना वाटलं, आम्ही सहल मागणार.

मी उठले. "गुरुजी, मधली सुट्टी भोंग्यावर करा की! निम्मा वर्ग भाकरी घेऊन पळतोय."

दुसऱ्या दिवशी मी आरामात चालत गिरणीच्या फाटकाशी गेले. आबा घाबरलेच. "पळत न्हाय आलीस? शाळंतनं काडलं व्हय तुला?"

"न्हाय आबा. आमीच सुट्टीची येळ बदलली."

भाकरी तशीच हातात धरून आबा फाटकातल्या गर्दीवर ओरडले, "आरं ऐका! माजी पोरगी शाळा चालवती!"