चार बोटं दुमड

आई: अहो, मशीन थांबवा जरा. म्युझियमच्या या फ्रॉकला खाली किती दुमड ठेवलीत?

बाबा: चार बोटं. तुरपाई हातानंच कर हं, मशीनची टीप त्यांना चालत नाही.

आई: पण दुमड कशाला? गिरणीच्या आगीत शंभर वर्षांपूर्वी गेलेली पोर ती. काचेच्या कपाटात वाढणार आहे होय?

बाबा: मूळ फ्रॉक वरून जळलाय, खालची दुमड तशीच आहे. त्यांना हुबेहूब हवाय. आणि शिवताना तिच्या आईला आगीचं कुठे माहीत होतं?

आई: नव्हतं माहीत.

बाबा: तेच म्हणतोय. हा झाला की ते लष्करी कोट घे. ती लुटूपुटूच्या लढाया करणारी मंडळी येतील. दर रविवारी मैदानात मरतात आणि सोमवारी बटणं लावून घ्यायला हजर.

आई: विषय बदलू नका. तिला माहीत नव्हतं म्हणून तिनं दुमड ठेवली. मग आपल्या पोरीच्या फ्रॉकला तुम्ही का नाही ठेवली?

बाबा: कुठल्या फ्रॉकला?

आई: हा निळा. काल शिवलात तो. बोटभरसुद्धा नाही.

बाबा: कापड कमी पडलं.

आई: तागा समोर फळीवर आहे. निम्मासुद्धा संपलेला नाही.

बाबा: मग राहिली असेल घाईत.

आई: जन्मल्यापासून तिचा एक कपडा तुम्ही दुमडीशिवाय शिवला नाहीत. झबल्यालासुद्धा ठेवली होतीत, माझी आई किती हसली होती. परवा दवाखान्यात मला औषधं आणायला खाली पाठवलंत. मी गेल्यावर डॉक्टर काय म्हणाले?

बाबा: हळू बोल. जागी आहे ती.

आई: काय म्हणाले?

बाबा: औषध लागू पडत नाही म्हणाले. आता घरीच ठेवा. तिला आवडेल ते खायला घाला.

आई: आणि ते पोटात ठेवून तुम्ही कात्री चालवलीत.

बाबा: ठरवून नाही गं. खडूनं रेघ मारताना तिच्या मापाशी हात थांबला, तो पुढे जाईचना. कापून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. वाटलं, तुझ्या नजरेत येणार नाही.

आई: तुमच्या शेजारी बसून शिवण शिकले मी. माझ्या नजरेत येणार नाही?

बाबा: सांगणार होतो. जीभच उचलेना.

आई: सकाळी तिच्या अंगावर घालून बघितला. गुडघ्याला टोचत नाही म्हणून केवढी खूश झाली. मला मात्र तिथं उभं राहवेना.

बाबा: बस जरा. पाणी देऊ?

आई: नको. तागा काढा. घेर पुन्हा कापा.

बाबा: अगं, डॉक्टरांनी सांगितलंय ना...

आई: ऐकलं मी. कळलंय मला सगळं. तरी कापा.

बाबा: दे इकडे. आधी हा उसवतो.

मुलगी (आतल्या खोलीतून): बाबा, माझा फ्रॉक उसवताय?

बाबा: खालची दुमड राहून गेली, बाळा.

मुलगी: नको ना. टोचते ती.

आई: टोचू दे. पुढच्या वर्षी उंच झालीस की सोडू.